मध्यवयातील व्यवसायांतर आणि व्यावसायिक आत्मविश्वासाची जडणघडण

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी आणि त्या परिसरातील गावे ही प्रामुख्याने कापूस आणि सोयाबीनच्या शेतीवर जगणारी गावे आहेत. अशा गावांत व्यवसाय ही बहुधा जन्माबरोबर येणारी गोष्ट मानली जात असे. शेतकऱ्याचा मुलगा शेतकरी, शिक्षकाची नोकरी निवृत्तीपर्यंतची, दुकान पिढ्यान्पिढ्यांचे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे चित्र बदलले. चाळिशी ओलांडलेला शेतकरी कृषी सेवा केंद्र काढतो, गृहिणी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आरोग्यसेवेत येते, आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षे घालवलेला प्राध्यापक शेवटी अध्यापन सोडून विमा किंवा बांधकामाच्या व्यवसायात शिरतो. हे शेवटचे उदाहरण आपल्यापैकी कोणालाच परके नाही. आपल्याच स्टाफरूममधल्या रिकाम्या झालेल्या खुर्चीचे ते उदाहरण आहे.

व्यवसायांतराच्या आर्थिक बाजूची चर्चा पुष्कळ होते. परंतु नवा व्यवसाय पत्करल्यानंतर "हे काम मला येते" असे स्वतःशी प्रामाणिकपणे म्हणता येण्याची अवस्था कशी येते, या प्रश्नाकडे मराठीत फारसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन महाराष्ट्रातील काही ज्ञात उदाहरणांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

आत्मविश्वास हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. व्यासपीठावर न अडखळता बोलणाऱ्यास आपण आत्मविश्वासू म्हणतो आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हाच अर्थ शिकवला जातो. व्यावसायिक आत्मविश्वास त्याहून वेगळा आहे. तो विशिष्ट कामाशी बांधलेला असतो. उत्तम शल्यचिकित्सक रंगमंचावर थरथरू शकतो आणि थोर गायक हिशेबाच्या वहीपुढे गोंधळू शकतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमताविश्वासाची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. अमुक एक कृती अमुक परिस्थितीत आपण पार पाडू शकू, हा व्यक्तीचा अंदाज म्हणजे स्वक्षमताविश्वास. बांडुरा यांनी त्याचे चार उगम सांगितले: स्वतः काम यशस्वीपणे करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, विश्वासार्ह व्यक्तीचे शब्द, आणि काम करताना स्वतःच्या शरीरमनाची जाणवणारी अवस्था. यांपैकी पहिला उगम सर्वांत प्रभावी असल्याचे त्यांचे प्रतिपादन आहे.

याच सुमारास, १९७८ मध्ये, पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी कर्तृत्ववान स्त्रियांच्या अभ्यासातून एक वेगळी अवस्था नोंदवली. कामगिरी उत्तम असूनही आपण या जागेला पात्र नाही आणि एक दिवस आपले पितळ उघडे पडेल, अशी भीती या स्त्रियांना वाटत असे. मराठीत तिला तोतयेपणाची भावना म्हणता येईल. सदाशिवरावभाऊंच्या तोतयामुळे हा शब्द मराठी वाचकाला चांगलाच परिचित आहे. फरक एवढाच की पेशवाईतला तोतया जो नव्हता तो असल्याचे सांगत होता, आणि येथे माणूस जो आहे तो असल्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

मध्यवयात या भावनेला एक खास भारतीय, किंबहुना मराठी, पदर असतो. आपल्याकडे वयाला मान आहे. पंचेचाळीस वर्षांचा नवशिक्या जेथे शिकायला जातो तेथे त्याचा तेवीस वर्षांचा प्रशिक्षक त्याला 'काका' किंवा 'सर' म्हणतो. हा आदर खरा असतो, आणि अडचणही तीच असते. 'काका' म्हटल्या जाणाऱ्या माणसाला अगदी प्राथमिक प्रश्न विचारणे जड जाते आणि त्याची चूक दाखवणे प्रशिक्षकाला जड जाते. परिणामी विशीतला उमेदवार सहा महिन्यांत ज्या चुका करून मोकळा होतो, त्या चुका मध्यवयीन माणूस झाकून ठेवतो आणि पुढे दोन वर्षे वागवतो. शिकण्याची क्षमता वयाने घटते, हा समज या प्रश्नात दुय्यम आहे. रेमंड कॅटेल यांनी प्रवाही आणि संचित बुद्धिमत्ता यांत केलेला भेद लक्षात घेतला तर, नवीन गोष्ट झटपट आत्मसात करण्याचा वेग मंदावला तरी अनुभवातून साठलेले आकलन मध्यवयात टिकून राहते, अनेकदा वाढते.

दादासाहेब फाळके: एक छोटी कुंडी

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्यांनी त्रेचाळीस वर्षे नुकतीच पूर्ण केली होती. तत्पूर्वी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नक्षानविसाचे काम केले, जादूचे प्रयोग केले आणि मुद्रणव्यवसायात जम बसवला. मुद्रणातील भागीदारी मतभेदांमुळे सुटली तेव्हा ते चाळिशीत होते आणि पदरी संसार होता. त्याच काळात त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. त्यानंतर चित्रपट पाहण्याचा आणि त्यामागील तंत्र शोधण्याचा ध्यास त्यांनी असा घेतला की ताणामुळे काही काळ त्यांची दृष्टी अधू झाली.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथील 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना आधी या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडमध्येच निर्माते बुडत असताना हिंदुस्थानात हे कसे जमणार, अशी त्याची शंका होती. मात्र फाळके यांची तयारी पाहिल्यावर त्यानेच त्यांना चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले आणि तेथे फाळके यांना निर्मितीची प्रक्रिया जवळून पाहता आली. बांडुरा यांच्या भाषेत येथे दुसरा आणि तिसरा असे दोन्ही उगम एकत्र आलेले दिसतात. विशेष हे की येथे शब्दांना वजन आले ते आधीच्या नकारामुळे. जो माणूस नाही म्हणू शकतो त्याच्याच होकाराला किंमत असते. मित्रमंडळींच्या "तुला नक्की जमेल" या वाक्याचा उपयोग व्यवसायात फारसा होत नाही, याचे कारण हेच असावे.

परंतु या चरित्रातील माझ्या मते सर्वांत बोधक भाग लंडनचा नाही. विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळके यांनी लगेच पौराणिक चित्रपट हाती घेतला नाही. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि अंकुर फुटून रोप वाढेपर्यंत एकेक चौकट टिपली. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट. पडद्यावर तो क्षणात संपत असे. भांडवल देऊ शकणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून तो दाखवला गेला, हे सर्वज्ञात आहे. त्याचा दुसरा उपयोग मात्र सहसा सांगितला जात नाही. या छोट्या प्रयोगात चित्रपटनिर्मितीची संपूर्ण साखळी एकदा पार पडली: चित्रण, फितीवरील रासायनिक प्रक्रिया, छपाई आणि प्रक्षेपण. नट नव्हते, वेशभूषा नव्हती, वाया गेले असते तर नुकसान थोडे होते. तरीही काम अपुरे नव्हते, आरंभापासून अंतापर्यंत पूर्ण होते. नव्या व्यवसायातील पहिले काम लहान असावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. फाळके यांच्या कुंडीवरून त्यात एक दुरुस्ती करावीशी वाटते. ते काम लहान असण्याबरोबर संपूर्ण असावे लागते. मोठ्या कामाचा तुकडा करून मिळणारा विश्वास अर्धवटच असतो, कारण पुढच्या पायरीवर काय होते ते त्या माणसाने पाहिलेले नसते.

आणखी एक बाब. फाळके यांनी शून्यातून सुरुवात केली असे म्हणण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. अंधारखोलीतील रसायने ते छायाचित्रणामुळे जाणत होते, यंत्रांची हाताळणी मुद्रणामुळे, रेखाटन नक्षानविसीमुळे आणि दृष्टिभ्रम जादूच्या प्रयोगांमुळे. जुने कौशल्य नव्या नावाने कामी येते. मात्र ते ओळखावे लागते, आणि ही ओळख बहुतेकांना उशिरा पटते.

त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे की फाळके यांचा आत्मविश्वास त्यांच्या एकट्याचा नव्हता. विमा पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. फितीला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई शिकल्या, शिवाय संपूर्ण चमूचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. मध्यवयात व्यवसाय बदलणारा माणूस घरासकट व्यवसाय बदलतो. या विषयावरील पाश्चात्त्य लेखनात व्यक्ती एकटीच उभी असते. आपल्याकडे तसे गृहीत धरून चालत नाही.

शल्यचिकित्सा, हिशेब खाते आणि रंगभूमी

डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९) हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात आणि पुढे टांझानियात व्यवसाय केल्यानंतर १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, वसंत कानेटकर यांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकाच्या निमित्ताने ते पूर्णवेळ व्यावसायिक नट झाले. २३ डिसेंबर १९७० रोजी रंगमंचावर आलेल्या कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मध्ये त्यांनी गणपतराव बेलवलकरांची भूमिका केली. व्यावसायिक रंगभूमीवर जेमतेम दोन वर्षांचा असलेला नट, चाळीस वर्षांची कारकीर्द संपवून निवृत्त झालेल्या नटाची भूमिका करीत होता.

हे शक्य झाले, कारण व्यवसायांतर एका दिवसात झाले नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटके करीत होते, आणि भालबा केळकर आदी सहकाऱ्यांबरोबर पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे हौशी रंगभूमीवर काम केले होते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये ज्याला अधिकृत परिघीय सहभाग म्हटले, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. नवशिक्या व्यवसायाच्या परिघावर राहून खरे काम करतो, जाणत्यांच्या नजरेखाली राहतो आणि हळूहळू केंद्राकडे सरकतो. राजीनामा ही बाहेरच्यांना दिसणारी घटना. आतले स्थलांतर त्याच्या वीस वर्षे आधी सुरू झालेले असते. लागूंनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिले. पुसद-महागाव भागातील तांड्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला या शब्दाचा मूळ अर्थ सांगावा लागत नाही: बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव नेणारा.

डॉ. वसंतराव देशपांडे यांचे उदाहरण आपल्या आणखी जवळचे. मूर्तिजापूर येथे २ मे १९२० रोजी जन्मलेल्या वसंतरावांचे संगीताचे आरंभीचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली आणि ती सोडून ते पूर्णवेळ गायक झाले. २४ डिसेंबर १९६७ रोजी 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेने त्यांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढील अडचण मात्र लागूंपेक्षा निराळी होती. संगीताच्या क्षेत्रात अधिकार घराण्यावरून ठरत असे, आणि वसंतरावांनी अनेक गुरूंकडून विद्या घेतली होती. कोणत्याही एका घराण्याचा शिक्का नसलेला, कारकुनी करणारा माणूस गवई म्हणवतो, याविषयी जाणकारांत आक्षेप होते. येथे आत्मविश्वासाचा प्रश्न कौशल्याचा उरत नाही, मान्यतेचा होतो. पदवी, नेट-सेट आणि मार्गदर्शकाचे नाव यांवरून माणसाची पारख करणाऱ्या आपल्या क्षेत्रालाही हे लागू पडते. जाता जाता, 'कट्यार'चे लेखक-दिग्दर्शक आणि 'नटसम्राट'चे दिग्दर्शक एकच होते: नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर. चाळिशी ओलांडलेल्या दोन माणसांना त्यांच्या नव्या व्यवसायातील सर्वांत मोठे काम एकाच वैदर्भीय दिग्दर्शकाच्या हाताखाली मिळाले, या योगायोगाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यायला हरकत नाही.

या उदाहरणांच्या मर्यादा

वरील तिन्ही व्यक्ती शहरात वावरलेल्या, शिक्षित आणि पुरुष आहेत. लागूंना रंगभूमीवर अपयश आले असते तर वैद्यकीय पदवी त्यांच्या हाती होती. कर्जात असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला परतीची अशी वाट नसते. त्याचे व्यवसायांतर निवडीचे नसून लादलेले असते. "व्यवसाय बदला, आत्मविश्वास बाळगा" असे त्याला सांगणे हे सल्ला देणाऱ्याच्या सोयीचे आहे. म्हणून प्रश्न असा उरतो की, भांडवल, पदवी आणि सामाजिक वजन यांपैकी काहीही नसताना व्यावसायिक आत्मविश्वास घडवता येतो काय? याचे उत्तर विदर्भातच मिळते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात एक क्षेत्रीय प्रयोग केला. त्यात ३९ गावांतील पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध, प्रसंगी इंजेक्शन देणे, अशी ही कामे होती. डॉक्टरांखेरीज कोणी करू नयेत असे ज्यांच्याविषयी मानले जाई, तीच कामे. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ मध्ये नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवण्यात आला. आज फुलसावंगीसारख्या गावात बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाणारी आशाताई या धाग्याच्या टोकाशी उभी आहे. आशा निवडताना २५ ते ४५ वयोगटातील, त्याच गावात राहणाऱ्या विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीस प्राधान्य दिले जाते. म्हणजे निवडीचा निकषच मध्यवयाकडे झुकलेला आहे.

या स्त्रियांना आत्मविश्वासावर व्याख्यान देऊन पाठवलेले नव्हते. कौशल्ये एकदम न देता टप्प्याटप्प्याने दिली गेली. प्रत्येक भेटीची नोंद ठेवली जाई. पर्यवेक्षक नियमितपणे गावात येऊन ती नोंद तपासत असे आणि प्रत्यक्ष बाळापाशी बसून चूक दुरुस्त करीत असे. 'हे मला येते' ही जाणीव येथे नोंदवहीतून उगवते. पन्नासाव्या बाळाचे वजन करणारी स्त्री स्वतःची तुलना डॉक्टरशी करीत नाही, पहिल्या बाळाच्या वेळच्या स्वतःशी करते. मध्यवयीन नवशिक्याला असलेली 'काका'पणाची अडचण येथे कशी सुटली, तेही पाहण्यासारखे आहे. चूक दाखवणे हा पर्यवेक्षकाच्या ठरलेल्या भेटीचा भाग असल्यामुळे ते कोणाच्या मानापमानाचे राहत नाही.

तपासणाऱ्या डोळ्यांचा अभाव

याच्या उलट बाजूची आठवण फुलसावंगीला आहे. आठवीपर्यंत शिकलेला, पत्रे आणि वेल्डिंगच्या कामात हात बसलेला गावातील चोवीस वर्षांचा तरुण, इंटरनेटवरील चित्रफिती पाहून एकआसनी हेलिकॉप्टर बनवीत होता. स्वातंत्र्यदिनी ते गावासमोर आणण्याचा त्याचा मानस होता. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणीच्या वेळी पंखा तुटून झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. हे मध्यवयातील व्यवसायांतर नव्हे. पण आत्मविश्वासाविषयीच्या चर्चेत ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्याकडे कौशल्य होते, चिकाटी होती, गावाचे कौतुक होते. "थांब, हा जोड सुटेल" असे अधिकाराने सांगणारा अभियंता त्याच्या वर्तुळात नव्हता आणि अशा अभियंत्यापर्यंत पोहोचण्याची वाटही गावातून जात नव्हती. विश्वास कमी पडल्याने लोक मागे राहतात, हे आपण नेहमी बोलतो. विश्वासाची पारख करणारी संस्था जवळ नसल्याने काय होते, ते बोलले जात नाही. त्या तरुणाच्या धाडसाविषयी हळहळ व्यक्त करणारे लेख त्या वेळी पुष्कळ आले. जवळच्या तंत्रनिकेतनाचे किंवा महाविद्यालयाचे दार त्याच्यासाठी का उघडे नव्हते, हा प्रश्न मात्र आपल्याला उद्देशून आहे.

महाविद्यालयीन संदर्भ

आपल्या क्षेत्रात दोन दिशांनी व्यवसायांतर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञास औपचारिक शैक्षणिक अर्हतेच्या अटीशिवाय अध्यापनासाठी नेमता येते. अशा नियुक्त्यांची मर्यादा मंजूर पदांच्या दहा टक्के आहे. ग्रामीण महाविद्यालयांत या तरतुदीचा उपयोग उद्या प्रगतिशील शेतकरी, बँक अधिकारी किंवा पत्रकार यांना वर्गात आणण्यासाठी होऊ शकेल. तो माणूस स्वतःच्या कामात मुरलेला असेल, पण साठ विद्यार्थ्यांसमोर पन्नास मिनिटे कशी भरायची, हे त्याला ठाऊक नसेल. आपण त्याला पहिल्याच दिवशी वेळापत्रक हाती देऊन वर्गात पाठवतो. त्याऐवजी पहिल्या सत्रात त्याला एकच घटक पूर्ण द्यावा: अध्यापन, प्रश्नपत्रिका, तपासणी आणि निकालावरील चर्चा यांसह. हीच त्याची वाटाण्याची कुंडी.

दुसरी दिशा बाहेर जाणाऱ्यांची आहे, आणि ती अधिक दुखरी आहे. बारा-पंधरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवून अध्यापन सोडणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती अनुभवाचे प्रमाणपत्र देताना आपण बहुधा तासिकांची संख्या आणि 'वर्तणूक समाधानकारक' एवढेच लिहितो. त्या माणसाने या काळात अभ्यासक्रम आखलेला असतो, परीक्षा केंद्र सांभाळलेले असते, शंभर मुलांचे शिबिर आठ दिवस चालवलेले असते, नॅकच्या भेटीसाठी अहवाल लिहिलेले असतात. नियोजन, हिशेब, लेखन आणि माणसे हाताळणे ही कौशल्ये कोणत्याही नव्या व्यवसायात चालतात. ती कागदावर नाव घेऊन आली तर मुलाखतीला बसलेल्या चाळिशीतल्या माणसाला स्वतःविषयी काय सांगावे, हे सुचते. प्राचार्यांच्या कार्यालयातून निघणाऱ्या प्रमाणपत्राचा नमुना बदलण्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही. विभागप्रमुखाने दोन परिच्छेद लिहून दिले आणि कार्यालयाने ते टंकित केले की काम होते.